काकू, बॅग सात किलोचीच आहे!

मित्रहो, एक साधा प्रश्न. सेमिस्टर संपल्यावर घरी जाताना तुमच्याकडे सामान किती असतं? एक सॅक. त्यात दोन जीन्स (दोन्ही न धुतलेल्या), चार्जर, आणि ‘अभ्यास करणार आहे’ असं आईला वाटावं म्हणून एखादं जाडजूड पुस्तक. बस्स. आता सुट्टीहून परत येतानाचं सामान आठवा. तीच सॅक, शिवाय दोन पिशव्या, शिवाय दोरीने बांधलेलं एक खोकं, शिवाय बस हलता हलता खिडकीतून आत आलेली लाडवांची बरणी. म्हणजे काय, तर जाताना सामान आपण भरतो आणि येताना घर भरतं. घराने भरलेल्या सामानाला वजनाची मर्यादा नसते. एसटीत ते खपून जातं, कारण आपला कंडक्टर सहसा बॅगेला काटा लावत नाही.

विमानात मात्र काटा लागतो. आणि आता आपल्यातलेही लोक विमानाने परदेशी जायला लागलेत. पूर्वी कॉलेजमधून कुणी परदेशी गेलं की ते एमएसलाच जायचं. आता थर्ड इयरची पोरं इंटर्नशिपचा स्टायपेंड साठवून, घरून थोडी भर घालून, चार दिवस दुबई नाहीतर बँकॉक करून येतात. गेल्या डिसेंबरात आम्ही तिघे रूम पार्टनर पाच दिवस दुबईला जाऊन आलो. तेव्हापासून हॉस्टेलमध्ये जो तो विचारतो, “बॅग कोणती नेली रे?” प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथेच एकदा लिहून टाकतो.

माझं मत सरळ आहे. पाच-सहा दिवसांसाठी परदेशातल्या एखाद्या शहरात जायचं असेल तर एकच बॅग न्यावी, ती विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावणारी असावी, आणि काउंटरवर काहीही जमा करू नये. बहुतेक कंपन्यांची मर्यादा असते सात किलो, आणि माप साधारण ५५ बाय ४० बाय २० सेंटिमीटर. कंपनीगणिक दोन-चार सेंटिमीटर इकडेतिकडे होतात, तेवढं तिकिटावर बघून घ्यावं.

आता याची जी कारणं सगळे सांगतात, ती मला फारशी पटत नाहीत. ‘जमा केलेली बॅग हरवते’ हे पहिलं कारण. सिटा नावाची संस्था दरवर्षी याची मोजदाद करते. २०२३ साली जगभरात हजार प्रवाशांमागे ६.९ बॅगा उशिरा पोचल्या, हरवल्या किंवा मोडल्या. म्हणजे हजारातले ९९३ लोक सुखरूप! सबमिशनच्या फायली यापेक्षा जास्त हरवतात. दुसरं कारण, ‘पट्ट्यापाशी थांबावं लागत नाही.’ अरे, आपण मेसच्या रांगेत अर्धा तास उभे राहणारे लोक, आपल्याला पट्ट्याचं काय कौतुक! तिसरं कारण पैशाचं. ते खरं आहे, स्वस्त तिकिटात जमा करायच्या बॅगेचे पैसे बरेचदा वेगळे लागतात. पण मी केबिन बॅगेच्या बाजूने आहे तो दुसऱ्याच दोन कारणांनी, आणि त्यातलं दुसरं गंभीर आहे.

पहिलं कारण हर्सूल.

परदेशी जाणारा मुंबईचा माणूस घरासमोर टॅक्सीत बसतो आणि विमानतळावर उतरतो. आपलं तसं नाही. चिकलठाण्याचं विमानतळ जवळ असलं तरी तिथून आपल्याला पाहिजे ते परदेशी विमान मिळत नाही, म्हणून आधी मुंबई गाठायची. हॉस्टेलवरून हर्सूल टी-पॉइंट, तिथून रिक्षाने स्टेशन, रात्रीची देवगिरी, सकाळी मुंबई, मग पुन्हा लोकल नाहीतर मेट्रो. हल्ली मेट्रो तीन थेट टर्मिनल दोनपर्यंत जाते ही मोठी सोय झाली, पण मेट्रोपर्यंत पोचण्यासाठी जिने आहेतच. या सगळ्या वाटेत चाकांची बॅग किती मीटर चाकांवर चालते, हे कुणीतरी मिनी प्रोजेक्ट म्हणून मोजावं. जळगाव रोडच्या कडेची खडी, स्टेशनचा पूल, देवगिरीच्या डब्याच्या पायऱ्या, सगळीकडे ती उचलूनच न्यावी लागते.

चाकांवरून आठवलं. माणूस चंद्रावर उतरला १९६९ साली, आणि चाकांच्या सूटकेसचं पेटंट बर्नार्ड सॅडो या अमेरिकन गृहस्थाला मिळालं १९७२ साली. म्हणजे चंद्रावर जाणाऱ्यांच्या काळातही लोक विमानतळावर बॅगा हातानेच ओढत होते! सॅडोची सूटकेस आडवी होती आणि पट्ट्याने मागून ओढायची होती, ती वळणावर कलंडायची. उभी बॅग, दोन चाकं आणि आत सरकणारा दांडा ही रचना १९८७ साली रॉबर्ट प्लॅथ नावाच्या एका वैमानिकाने केली. ज्याला रोज बॅग ओढावी लागत होती त्यालाच ती सुचली, हे आपल्या डिझाइनच्या सरांना जरूर सांगा. पण प्लॅथसाहेबांच्या डोळ्यांसमोर गुळगुळीत फरशी होती. आमच्या घरी आई-बाबांच्या लग्नात आलेली व्हीआयपीची कडक सूटकेस अजून आहे. तिला चाकं नाहीत, ती माळ्यावर आहे आणि तिच्यात गोधड्या आहेत. तिचं तेच योग्य काम आहे.

तर मंडळी, बॅग पाठीवरचीच घ्यावी. आता मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला शोभेल असा हिशेब मांडतो. मेसवाल्या काकांच्या भाजीच्या काट्यावर आम्ही प्रत्येक वस्तू मोजली. (काकांनी फक्त ‘धुतलेलेच कपडे ठेवा’ एवढी अट घातली.) रिकामी सॅक ९०० ग्रॅम. तीन टी-शर्ट ५००. एक हलकी पँट ४००. बरा शर्ट २५०. आतले कपडे आणि मोजे ४००. चपला ३००. साबण, ब्रश वगैरे ४००. पॉवर बँक, चार्जर, पिनचं अडॅप्टर मिळून ७००. कागदपत्रं २००, औषधं १००. आणि पंचा १५०. बेरीज करा. चार किलो तीनशे. म्हणजे दोन किलो सातशे ग्रॅम शिल्लक! हाच हिशेब दुकानातल्या चकचकीत ट्रॉलीने केला, तर ती रिकामीच पावणेतीन-तीन किलोची असते आणि शिल्लक उरते जेमतेम ८०० ग्रॅम. सात किलोतले तीन किलो बॅगेनेच खायचे असतील तर ती बॅग नाही, जावई आहे.

पंच्याबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. हॉस्टेलमध्ये जो टर्किश टॉवेल वापरतो त्याचा टॉवेल पावसाळ्यात चार दिवस वाळत नाही आणि खोलीला कसला वास येतो ते रेक्टरसरांनाही ठाऊक आहे. पंचा पिळून दांडीवर टाकला की तासाभरात वाळतो. घडी केली की वहीएवढा. अंग पुसा, डोक्याला बांधा, ट्रेनमध्ये तोंडावर घेऊन झोपा. परदेशी दुकानांत ‘ट्रॅव्हल टॉवेल’ नावाने जे महाग फडकं मिळतं ते आपल्या आजोबांच्या खांद्यावर कायमच होतं.

कपड्यांचंही तेच. तीन टी-शर्ट पाच दिवस कसे पुरतील, असं विचारणारा हॉस्टेलमध्ये राहिलेला नसतो. रात्री बादलीत बुडवायचा, सकाळी घालायचा. हे प्रशिक्षण आपल्याला चार वर्षं मोफत मिळतं. फक्त जीन्स अंगावर एकच ठेवायची, बॅगेत दुसरी नको. ती पाऊण किलोला भारी असते आणि बाथरूममध्ये दोन दिवस ओली राहते. दुबईला डिसेंबरात रात्री जरा गारवा असतो, तेव्हा एक स्वेटर लागतो, तोही अंगावरच. लॅपटॉप मुळीच नको. जाऊन काय असाइनमेंट लिहायची आहे?

नियमांपैकी दोनच सांगतो, बाकीचे तिकिटावर असतात. एक, पातळ पदार्थ. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आला आणि तेव्हापासून १०० मिलीचा नियम आला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, मर्यादा बाटलीच्या मापाला आहे, आतल्या तेलाला नाही. २०० मिलीच्या बाटलीत तळाशी बोटभर खोबरेल असलं तरी ती बाटली जाते. काही देशांत नवीन स्कॅनर आल्यावर हा नियम सैल झालाय, आपण मात्र १०० मिली धरूनच चालावं. दोन, पॉवर बँक. ती जमा करायच्या सामानात चालतच नाही, जवळच ठेवावी लागते, कारण लिथियमची बॅटरी पेटली तर केबिनमध्ये कुणीतरी विझवू शकतं, खालच्या कप्प्यात कोण जाणार? मर्यादा १०० वॉट-तासांची. आपली २०,००० मिलीअँपिअर-तासांची पॉवर बँक गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे ७४ वॉट-तास. पास! हे गणित फर्स्ट इयरलाही यायला हवं.

असो. आता स्वयंपाकघराकडे वळू, कारण खरी परीक्षा तिथेच असते. उरलेले दोन किलो सातशे ग्रॅम आईला कळता कामा नयेत. मी सिल्लोडचा, त्यामुळे आमच्याकडे मिरचीशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही. आई म्हणाली, “अरे, तिकडं खायला काय मिळंल कोण जाणे, असू दे की थोडं, तुला काय जड होतंय?” हे ‘थोडं’ म्हणजे लाडू, चिवडा, लोणचं, अनारसे, शेंगदाण्याची चटणी, सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या आणि एक सोलापुरी चादर. चादर तर अक्षरशः परत घरात ढकलावी लागली. चिवडा वजनाला हलका पण जागा खातो, लाडू जागा खात नाही पण वजन खातो. दोन्ही एकदम नेणं म्हणजे दोन्ही मर्यादा तोडणं. लोणच्याला तेल सुटतं म्हणून ते बाद. सुकं खोबरं बाद, कारण त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते विमानाच्या धोकादायक मालाच्या यादीत आहे. (हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, “मग आमच्या डब्यात वर्षभर कसं नाही पेटत?” या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं.) चटणी कोरडी, ती चालते.

आणि अनारसे. हे मात्र हसण्यावारी नेऊ नका. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे, तिथे ती अंमली पदार्थांत धरतात. आपल्याकडे अनारसा खसखशीवर थापतात, भाकरवडीच्या सारणात खसखस असते, आणि मसाल्यात तर आई सहज चमचाभर घालते. खोकल्याच्या ज्या औषधात कोडीन असतं त्यावरही तिथे निर्बंध आहेत, तेव्हा औषधं मोजकी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्यावीत. म्हणजे आपण आपल्या बॅगेत काय आहे ते नुसतं ‘डबा’ म्हणून माहीत असून भागत नाही, डब्यात काय आणि त्या पदार्थात काय, इथपर्यंत माहीत असावं लागतं.

आता येतो दुसऱ्या कारणाकडे, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

आपल्या भागात एक चांगली रीत आहे. सिल्लोडहून निघणाऱ्या एसटीत माझी आई कुणाही ओळखीच्या माणसाच्या हातात डबा देते. कधी तर ओळखही नसते. “हर्सूलला उतरणार का? मग एवढं पोराला द्या.” मी टी-पॉइंटला उभा राहतो, बस येते, माणूस डबा हातात देतो आणि नावही न सांगता निघून जातो. फर्स्ट इयरला मेस आवडत नव्हती तेव्हा याच डब्यांवर मी जगलो. मीही कितीतरी जणांची पाकिटं, औषधं, एकदा तर कुणाच्या तरी बहिणीच्या लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा पोचवलाय. आत काय आहे असं विचारणंसुद्धा आपल्यात उद्धटपणाचं मानतात. मराठवाड्यातल्या हॉस्टेलांची अर्धी पोटं या विश्वासावर भरली आहेत, आणि ही रीत मोडावी असं मला अजिबात वाटत नाही.

पण हा विश्वास सरहद्दीपलीकडे चालत नाही. २०१९ सालची गोष्ट आहे, तेव्हा वर्तमानपत्रांत आली होती. मुंबईचं एक जोडपं कतारला गेलं. सहल घरच्याच एका नातेवाइकाने ठरवून दिली होती, आणि बरोबर द्यायला एक पाकीटही दिलं होतं. दोहाच्या विमानतळावर त्यात चार किलोहून जास्त चरस सापडला. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. ती बाई गरोदर होती, तिचं बाळ तुरुंगात जन्मलं. पुढे इकडच्या तपासात त्यांना फसवल्याचं निष्पन्न झालं, दोन्ही सरकारांत पत्रव्यवहार झाला आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये ती दोघं निर्दोष सुटून परत आली. जवळजवळ पावणेदोन वर्षं! आणि हे सुटले म्हणून आपल्याला कळलं.

‘पण मला माहीतच नव्हतं’ हे उत्तर तिथे का चालत नाही, असं कुणी विचारेल. आपल्याकडे तरी कुठे चालतं? आपल्या १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यातही माल ज्याच्याजवळ सापडला त्याला तो ठाऊक होता असंच न्यायालय धरून चालतं, आणि ठाऊक नव्हता हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर येते. आपण रोज हर्सूल जेलच्या भिंतीजवळून जातो. आत कोण कशासाठी आहे ते आपल्याला ठाऊक नसतं आणि विचार करायला वेळही नसतो. मी मात्र ही कतारची बातमी वाचल्यापासून तिथून जाताना थोडा विचार करतो.

म्हणून विमानतळावर विचारतात, “बॅग तुम्ही स्वतः भरली का? कुणी काही दिलंय का?” बहुतेक जण मान डोलावून मोकळे होतात. हा सगळ्या प्रवासातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याचं खरं उत्तर देता यावं अशीच बॅग असली पाहिजे.

अडचण अशी की आपल्याला नाही म्हणता येत नाही. दुबईला जातोय हे कळताच आमच्या गल्लीतून तीन पाकिटं यायला निघाली होती. एका काकूंचा मुलगा शारजात, एकांचा भाऊ अबुधाबीत, तिसऱ्यांचं तर कुणी ओळखीचंही नव्हतं, ओळखीच्यांच्या ओळखीचं होतं. यातलं कुणीही वाईट नाही. पण काकूंना “मी तुमचं पाकीट नेणार नाही, कारण आत काय आहे ते मला माहीत नाही” असं सांगितलं तर त्या आयुष्यभर बोलणार नाहीत, आणि आईला हळदीकुंकवाला जाणं मुश्कील होईल. तीस किलोची रिकामी जागा घेऊन निघालेल्या माणसाकडे नाही म्हणायला कारणच नसतं. सात किलोवाल्याकडे असतं! “काकू, बॅग सात किलोचीच आहे, काट्यावर मोजतात.” झालं. कुणाचा अपमान नाही, कुणावर संशय नाही, सगळा दोष विमान कंपनीच्या माथी. माणसाला जे तोंडाने म्हणता येत नाही ते बॅग म्हणते. माझ्या मते सात किलोची मर्यादा ही गैरसोय नाही, ते एक संरक्षण आहे, आणि ते फुकट मिळतं.

यावर आमच्या एका मित्राचं म्हणणं असं की ही पळवाट आहे, धीटपणे नाही म्हणायला शिकलं पाहिजे. त्याने शिकावं. तो शहरातला आहे, त्याच्या शेजारी कोण राहतं ते त्याला माहीत नाही.

हे सगळ्यांना लागू नाही, हेही सांगून टाकतो. एमएसला जाणाऱ्याने दोन मोठ्या बॅगा भरून कुकरसकट जावं. नातवंडांकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या आजी-आजोबांनी, लहान मूल बरोबर असणाऱ्यांनी या लेखाकडे दुर्लक्ष करावं. आणि हल्ली ‘कमी सामानात कसा सुंदर जगतो’ असे जे व्हिडिओ येतात, त्यांचा आणि माझा काही संबंध नाही. आपल्या शेजारच्या बीडमधून दर दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघालेली कुटुंबं ट्रॅक्टरमध्ये जेवढं मावेल तेवढ्या संसारावर पाच-सहा महिने काढतात. कमी सामान ही त्यांची हौस नसते. तेव्हा त्याचं तत्त्वज्ञान करायला नको, बॅगेचा विषय बॅगेपुरता ठेवू.

राहता राहिला काकूंचा प्रश्न. त्यांच्या मुलाला खरंच चटणी पाठवायची होती, आणि ती पाठवायला हवी होती. मग मी आणि काकू मुख्य पोस्टात गेलो. तिथे परदेशी पार्सलचा फॉर्म असतो, त्यात आत काय आहे आणि किती वजनाचं आहे ते लिहावं लागतं. काकूंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘शेंगदाणा चटणी’. खिडकीवरच्या बाईंनी ते इंग्रजीत लिहायला सांगितलं, ते मी लिहिलं. पैसे चटणीच्या कितीतरी पट लागले, त्यावर काकू रिक्षात बसेपर्यंत बोलत होत्या. मसाल्याची पुडी मात्र मी खिडकीवर पोचण्याआधीच पिशवीत परत ठेवायला लावली. त्यात खसखस होती.